परकी थुंकी

एका अनोळखी पोरीच्या फोनवर मला माझं अक्षर दिसलं. ट्रॉलीबसच्या थांब्यावर उभी होते, एका हातात दोन नान, दुसऱ्या हातात शेपूची जुडी. जून महिना, पॉपलरच्या झाडांचा कापूस नाकातोंडात जात होता आणि अख्खा थांबा खोकत होता. खोकणाऱ्यांकडे मी बघत नाही. सव्वीस वर्षं बघितलंय, आता पेन्शन खाते. तर ही पोरगी समोर येऊन म्हणाली, "बुरुल एजे ना तुम्ही? घरी गेले होते, शेजारीण म्हणाली थांब्यावर सापडतील." थोरल्या बाईला एजे म्हणायचं एवढी रीत तिनं पाळली, पण घरचे बरे आहेत का, तब्येत कशी, काही नाही. सरळ फोन माझ्या नाकासमोर. जुन्या रजिस्टरच्या पानाचा फोटो होता. निळी शाई, उजवीकडे कललेली अक्षरं, शेवटच्या अक्षराला मी उगाच मारते तो फराटा. नाव ओमुरझाक, वय चौतीस, आणि पुढे माझे दोन शब्द: थुंकी परकी. "हे तुम्हीच लिहिलंय ना?" मी म्हणाले, "मीच. मग?" तोरा होता तो नुसता बोलण्यातच. आपलं अक्षर असं भलत्याच्या हातात अचानक बघू नये माणसानं. ट्रॉलीबस आली, दार उघडलं, मिटलं, गेली. मी चढलेच नाही.

पोरीचं नाव सेझिम, वकील. वय असेल अठ्ठावीस, पायात खेळाडूंचे बूट, खांद्याला फायलींनी फुगलेली पिशवी. थांब्यामागच्या बाकावर बसून तिनं भडाभडा सांगितलं. ओमुरझाक अजून तुरुंगातच आहे. क्षय आहे, साध्या गोळ्यांना दाद न देणारा. डावं फुप्फुस संपलंय, ते काढावं लागेल, आणि ते ऑपरेशन बिश्केकमध्ये शहरातल्या इस्पितळातच होतं, तुरुंगाच्या इस्पितळात नाही. ते झालं नाही तर डॉक्टर म्हणतात हा पुढचा हिवाळा बघत नाही. "कायद्यात स्वच्छ लिहिलंय, एजे. बाहेरच्या माणसाला जे उपचार मिळतात ते कैद्याला मिळालेच पाहिजेत. पण तुरुंगवाले तुमचं हे पान दाखवतात. म्हणतात, हा लबाड आहे, सहा वर्षांपूर्वी दुसऱ्याची थुंकी तोंडात धरून आला होता, रोग त्यानं स्वतःच ओढवून घेतला. स्वतःला इजा करणं म्हणजे शिस्तभंग, त्याला कसलं शहरातलं इस्पितळ." मी म्हणाले, "रोग कसा झाला ते कायदा विचारतो होय?" ती म्हणाली, "कायदा नाही विचारत. न्यायाधीश विचारतो." पोरगी हुशार आहे, असं तेव्हाच मनात आलं. मग तिनं हळूच मुद्दा काढला. पुढच्या गुरुवारी सुनावणी आहे. ती थुंकी ओमुरझाकचीच होती, तो तेव्हाच आजारी होता आणि बुरुल एजेंची वाचण्यात चूक झाली, असं जर बुरुल एजे येऊन म्हणाल्या, तर तुरुंगवाल्यांच्या हातात काही उरत नाही. "तुमच्यावर शेकू शकतं, हे आधीच सांगते. हलगर्जीपणा वगैरे." मी शेपूच्या जुडीचा दोरा उगाच सोडला आणि परत बांधला. मला शेकण्याची भीती नव्हती. मला राग आला होता तो 'चूक' या शब्दाचा.

कारण ती चूक नव्हती, हे मला ठाऊक होतं. तुरुंगाच्या क्षय-इस्पितळात मी प्रयोगशाळेत होते. माझी खोली म्हणजे एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, काच रंगवायची लाल-निळी औषधं आणि खिडकीत एक कोरफड. सगळ्या तुरुंगांतून थुंकीच्या डब्या माझ्याकडे यायच्या, लाकडी खोक्यात ओळीनं रचून. कोणाच्या थुंकीत जंतू आहेत ते मी सांगायचं. ज्याच्यात आहेत तो इस्पितळात येणार, आणि आमच्या इस्पितळात दूध होतं, लोणी होतं, अंडी होती, पांढऱ्या चादरीची खाट होती, डॉक्टर होते. बाकीच्या तुरुंगांत नऊशे माणसांमागे एक कंपाउंडर आणि त्याच्याकडे दोन रंगांच्या गोळ्या, एक डोक्याची आणि एक पोटाची. त्यामुळे धट्टीकट्टी माणसंसुद्धा आजारी व्हायला बघायची. जुना क्षयवाला गाठायचा, त्याला चहाची पुडी नाहीतर सिगारेटी द्यायच्या आणि त्याची थुंकी घ्यायची. नर्स समोर उभी राहून थुंकायला लावायची, म्हणून विकत घेतलेली थुंकी आधीच गालात धरायची. रांगेत तोंड मिटून उभं राहायचं, नाव विचारलं तर मान हलवायची, पाळी आली की खोकल्याचं सोंग करून डबीत टाकायची. हे ऐकून बाहेरचे लोक तोंड वाकडं करतात. आमच्याकडे कोणी करायचं नाही, पावसात छत्री उघडावी इतकं ते रोजचं होतं. आणि ते पकडणं हे माझं काम नव्हतं खरं तर, पण मला जमायचं. मी नुसती सूक्ष्मदर्शकाखालची काच बघायचे नाही, आधी डबी उजेडात धरायचे. त्या दिवशीच्या खोक्यात सात डब्या होत्या. दुसरीत आणि पाचवीत रक्ताचा तोच चहासारखा धागा, हिरव्या तंबाखूचे तेच कण, तोच चिकटपणा. दुसरी डबी एका म्हाताऱ्या क्षयवाल्याची, त्याचा हा धंदाच होता. पाचवी ओमुरझाकची. मी लिहिलं: थुंकी परकी. लिहिताना बरं वाटलं होतं, कबूल करते. मोठे डॉक्टर म्हणायचे, बुरुलला फसवणारा अजून जन्मायचाय.

तरी सेझिम भेटून गेल्यावर आठवडाभर मला चैन पडेना. आपल्याला खात्री आहे असं आपण किती वेळा म्हणतो त्यावर खात्री किती आहे ते कळतं, आणि मी ते भांडी घासताना म्हणत होते, जिना चढताना म्हणत होते. सेझिमनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. त्या तपासणीनंतर आठ महिन्यांनी ओमुरझाक खोकायला लागला. कंपाउंडरकडे गेला की कंपाउंडर डब्यांबरोबर माझ्याकडे येऊन गेलेली वही उघडायचा, नावापुढं माझे दोन शब्द बघायचा आणि म्हणायचा, "चल फूट, सोंगाड्या." दोन वर्षं. रक्त पडायला लागलं तेव्हा कुठे त्याला आमच्याकडे आणला, आणि तोवर मी निवृत्त होऊन घरी मनुके वाळवत बसले होते. दोन वर्षं तो माणूस खोकत होता आणि दर वेळी त्याच्यासमोर माझं अक्षर उघडलं जात होतं. मी स्वतःला समजावलं की माझं काम काचेपुरतं. पण मग दुसरा विचार यायचा, दोघांच्या थुंकीत रक्त असू शकतं, दोघेही तंबाखू खात असू शकतात, खिडकीला ऊन नसेल, मी सकाळी घरी भांडून आले असेन. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या डोळ्यावर संशय घेतला आणि मला माझी दया आली. बुधवारी सकाळी मी सेझिमला फोन केला. म्हटलं, साक्ष द्यायची की नाही ते मागाहून, आधी मला त्याला बघायचंय.

इस्पितळाच्या फाटकावरच्या शिपायानं मला ओळखलं. "अरे वा, बुरुल एजे! परत नोकरीला की काय?" मी म्हणाले, "तुझं पोट बघायला आले, केवढं वाढलंय." तो हसला आणि पिशवी न तपासता आत सोडलं. आवारात काही बदललं नव्हतं, फक्त माझ्या खोलीच्या खिडकीत कोरफड नव्हती. सेझिम कसल्याशा कागदावर शिक्के मारून घ्यायला कचेरीत गेली आणि मी भेटीच्या खोलीत मास्क लावून बसले. माफी कशी मागायची ते मी गाडीत घोकत आले होते. आमच्यात थोरलं माणूस धाकट्याची माफी मागत नाही. मागितली तर धाकट्याला तोंड लपवायला जागा उरत नाही. त्यानं कुठं बघायचं, हात कुठं ठेवायचे, सगळाच घोटाळा. पण मी ठरवलं होतं. ओमुरझाक आला तो भिंतीला एक हात लावत लावत. चाळीस वर्षांचा माणूस, पण सदरा हँगरला अडकवल्यासारखा खांद्यांवर होता. बसला, श्वास गोळा केला. मी म्हणाले, "मी बुरुल. थुंकी परकी लिहिणारी." तो म्हणाला, "माहीत आहे. सगळ्या तुरुंगाला माहीत आहात तुम्ही." मी म्हणाले, "बाळा, माझ्या हातून—" आणि उठून मान खाली घातली. तो एवढा दचकला की खुर्ची मागे सरकली. "अहो एजे, बसा, बसा हो, हे काय चालवलंय!" मी तशीच उभी. मग तो मास्कच्या आत हसला, त्याला खोकला आला, बराच वेळ आला, आणि तो संपल्यावर म्हणाला, "माफी कसली मागताय? बरोबर होतात तुम्ही. ती माझी नव्हतीच."

मी बसले. त्यानं दाराकडे बघितलं आणि बारीक आवाजात, मधे मधे थांबत, सांगितलं. दाढ दुखत होती. खालची, डावीकडची. गाल सुजून डोळा मिटला होता, ताप होता, अकरा दिवस तो पाण्यात नान बुडवून चोखत होता. कंपाउंडरनं डोक्याची गोळी दिली. अर्ज केला, अर्जाला उत्तर आलं की दाताचा डॉक्टर या तुरुंगात नाही. कुठं आहे? क्षयाच्या इस्पितळात, दर मंगळवारी. तिथं कसं जायचं? क्षय असेल तर. "मग घेतली म्हाताऱ्याकडून," तो म्हणाला. "तोंडात धरून चाळीस मिनिटं उभा होतो. दाढ उघडीच होती. तेव्हा वाटलं होतं, एका मंगळवारचा तर प्रश्न आहे, दाढ काढून घेऊ आणि मग सांगू की बाबांनो मला काही झालेलं नाही." मी विचारलं, "आणि दाढ?" "चमच्याच्या दांड्यानं काढली. बराकीतल्या दोघांनी डोकं धरलं होतं." हे सांगताना त्याला त्यातल्या त्यात मजा वाटत होती. मग तो म्हणाला, "वकीलबाईंना हे माहीत नाही. तुम्हाला सांगितलं कारण तुम्ही म्हाताऱ्या बाई, माझ्यापुढं मान खाली घालून उभ्या. ते मला नको. उद्या काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी काही मागत नाही." पहारेकऱ्यानं दार वाजवलं. तो उठताना मी त्याच्या कोपराला हात लावला, आणि कोपर अगदी चहाच्या किटलीएवढं गरम होतं.

आता जे सांगते ते सांगायला बरं नाही. बाहेर येऊन सेझिमच्या लहानशा गाडीत बसले तेव्हा मला आनंद झाला होता. निव्वळ आनंद. मी बरोबर होते! रक्ताचा धागा, तंबाखूचे कण, सगळं बरोबर. आठवडाभर छातीवर बसलेलं ओझं गेलं आणि मी खिडकीची काच खाली करून वारा घेतला. सेझिमनं विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हणाले, "थकलाय बिचारा." तिनं मला घराजवळच्या कोपऱ्यावर सोडलं, आणि मी भट्टीवरचा गरम मटणाचा समसा घेऊन तिथंच उभ्यानं खायला लागले, एखादी परीक्षा पास झाल्यासारखी. कांदा छान होता. दुसऱ्याच घासाला हाडाचा तुकडा दाताखाली आला आणि कट्ट झालं. जिभेनं चाचपून बघितलं, डावीकडचे तीन बसवलेले दात शाबूत होते. पक्कं काम. तेरा वर्षं झाली. मग मला आठवलं की ते मी मंगळवारी बसवून घेतले होते.

त्याच खोलीत, त्याच खुर्चीत. दाताचा डॉक्टर शहरातून यायचा, नऊ ते एक. नऊला अधिकारी, दहाला त्यांच्या बायका, मग आम्ही कर्मचारी, कोणाची मेहुणी, कोणाची आई. माझ्या तीन दातांना सहा मंगळवार लागले होते. बाहेरच्या बाकावर कैदी गालाला फडकं बांधून बसलेले असायचे आणि मी त्यांच्यासमोरून आत जायचे. ते "या एजे" म्हणून पाय आखडून घ्यायचे. त्यातले किती त्या दिवशी आत गेले मला माहीत नाही, मी एकदाही मागं वळून मोजलं नाही. डॉक्टर एकला सुटका झाल्यासारखा ॲप्रन काढायचा. म्हणजे ओमुरझाकची डबी मी बरोबर नसती वाचली, त्याला आणलं असतं, तरी तो बाकावरच बसला असता. मला लाज वाटली. समसा हातात तसाच होता, तूप कागदातून मनगटावर उतरत होतं. भट्टीवाला म्हणाला, "काय झालं एजे, केस निघाला की काय?" मी म्हणाले, "नाही रे, चांगलाय." आणि उरलेला समसा खाऊन टाकला, कारण टाकून देणं मला जमत नाही.

गुरुवारी कोर्टाच्या खोलीत पंखा होता पण तो न्यायाधीशाकडे तोंड करून लावलेला होता. न्यायाधीश पन्नाशीचा, सर्दीनं बेजार, समोर रुमालांचा ढीग. भिंतीवर एक पडदा, त्यात ओमुरझाक, इस्पितळातल्या कसल्याशा खोलीत मास्क लावून बसलेला, मागं पहारेकरी. आणि तुरुंगाच्या बाजूनं एक तरुण मेजर, इस्त्री अशी की बोट कापेल. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे माझी बाजू त्यानंच लावून धरली होती. त्यानं फायलीतून प्रशस्तिपत्रक काढून वाचलं. सव्वीस वर्षांची निष्कलंक सेवा, अचूक नजर, एकही वाचन चुकलेलं नाही. एवढी स्तुती माझ्या यजमानांनीही कधी केली नव्हती. "म्हणून," मेजर म्हणाला, "ही नोंद बुरुल एजेंची आहे, यापेक्षा मोठा पुरावा नको." सेझिम माझ्याकडे बघत होती. तिला मी शेवटपर्यंत हो किंवा नाही सांगितलं नव्हतं. ती नखं खात होती, मोठी वकील झाली तरी.

न्यायाधीशानं नाक पुसलं आणि खोट्या साक्षीला काय शिक्षा असते ते पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. मग विचारलं, "नोंद तुमची?" "माझी." "बरोबर आहे?" मी पडद्याकडे बघितलं नाही. मला वाटलं होतं की या क्षणी काहीतरी मोठं वाटेल, पण नाकात पंख्याबरोबर येणारा सर्दीच्या मलमाचा वास होता आणि पायाला जुन्या बुटाची शिवण टोचत होती. मी म्हणाले, "नाही. चूक झाली माझी. थुंकी त्याचीच होती. तो तेव्हाच आजारी होता." सेझिमनं श्वास सोडला तो सगळ्या खोलीला ऐकू गेला. मेजर एकदम लाल झाला. तो काही वाईट मुलगा नव्हता, पण त्याचा भरवसा मी मोडला होता. "अशी कशी चूक झाली?" तो म्हणाला. "सव्वीस वर्षांत नाही झाली ती?" मी म्हणाले, "दोन डब्या सारख्या दिसल्या. दुसऱ्यांदा मागवायला हवी होती, नाही मागवली." "म्हणजे तुमच्या नोंदींवर आम्ही विश्वास ठेवायचा नाही?" "नका ठेवू." ते बोलून झालं आणि मला कळलं की मी माझ्या सव्वीस वर्षांवर पाणी ओतलं.  डोळे भरले ते भरलेच.

मेजरला वाटलं की म्हातारी डळमळली, म्हणून त्यानं आणखी एक टोला हाणला. "किती वेळा लिहिलंत असं? थुंकी परकी?" मी म्हणाले, "एकतीस." हे मी रात्रंदिवस मोजत बसले नव्हते, पण मला आकडा माहीत होता, कारण त्या प्रत्येकाचा मला अभिमान होता. "आणि त्याही सगळ्या चुकाच म्हणायच्या का?" तो छद्मीपणे म्हणाला. बाकीच्या तीसही नोंदी बरोबर होत्या. प्रत्येक डबी मी उजेडात धरली होती. एकाला मूतखडा असेल, एकाचा कान वाहत असेल, एकाच्या पायाची जखम चिघळली असेल, आणि कंपाउंडरकडे दोन रंगांच्या गोळ्या. मी म्हणाले, "हो. सगळ्या."  पडद्यावर ओमुरझाक उभा राहिला होता. मागचा पहारेकरी त्याला "बस, बस" म्हणत होता, आणि तो भिंतीला हात लावून उभाच होता.

न्यायाधीश पाच मिनिटं आत गेला आणि येऊन त्यानं निकाल सांगितला: ओमुरझाकला दहा दिवसांच्या आत शहरातल्या इस्पितळात हलवायचं, खर्च सरकारचा. सेझिमनं टेबलाखाली माझा हात एवढा दाबला की अंगठी रुतली. टंकलेखन करणारी बाई कागद छापत होती, यंत्र अडकलं, ती त्याला थापट्या मारायला लागली. तेवढ्या रिकाम्या वेळात न्यायाधीशानं नवा रुमाल घेतला आणि सहज, पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवत विचारलं, "एजे, ते बाकीचे तीस जण. त्यांचं पुढं काय झालं हो?"

"मला नाही माहीत, साहेब," मी म्हणाले. "माझ्याकडे माणसं येत नव्हती. डब्या यायच्या."